मी पोटाकडेच बघत होतो

मी पेशंटच्या तोंडाकडे एवढं काय बघत असतो, विचारता ना? ऐका.

एमबीबीएसच्या फायनलच्या प्रॅक्टिकलला मला तपासायला कोरपन्याकडची एक बाई मिळाली. सिकलसेलच्या आजारामुळं पोटातली प्लीहा वाढलेली. सकाळपासून तिचं पोट दाबणारा मी सहावा विद्यार्थी.

परीक्षक सरांनी विचारलं, "दाबलंस तेव्हा बाईंचा चेहरा कसा होता?"

पोट तपासताना नजर चेहऱ्यावर ठेवायची, दुखलं तर तिथंच दिसतं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी पोटाकडेच बघत होतो. खाली मान घालून उभा राहिलो.

बाईच म्हणाली, "मी हासून राह्यली होती जी. पाह्यलं त्यानं. सांगाले लाजून राह्यला. पास करा त्याले."

तेव्हा कुठं मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापण्या अजून ओल्या होत्या.