मागच्या दाराचं कुलूप

माझ्यापुढे कॉम्प्युटरचं नाव काढू नका, चहा कडू लागतो. मी कॉलेज सोडलं म्हणून मोठ्या काकांनी मला सिंदीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये जुंपलं होतं. ते तिथले मॅनेजर, पण मोठे नुसते वयानेच. आग लागली तर कुठून पळायचं, याचा कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा मालकांनी नागपूरहून आणला. तिथे कामाला येणाऱ्या बायांना तो मी समजावला.

एका दुपारी कापूस पेटला. बाया नकाशातल्या मागच्या दाराकडे धावल्या, तर दाराला कुलूप! मी लोखंडी सबलीने ते तोडलं, म्हणून सगळ्या वाचल्या.

"काका, कुलूप काऊन लावलं होतं?"

"कापूस चोरीले जाते ना बे!"

"अन् बाया मेल्या असत्या तर?"

"म्हणूनच सांगून राह्यलो. उद्याच नागपूरले जाजो अन् नकाशातून ते दार मिटवून आणजो."