डोळे दाखवायला पुण्याला

हॅलो?

हां दादा, बोल… व्हय, झालं डॉक्टरांचं. डोळं चांगलं हायत अप्पांचं, थेंब दिलेत नुसतं… न्हाय, निघालो न्हाय अजून. थांब, बाहेर येते, हितं आत बोलता येत न्हाय…

हां, बोल आता… कसला आवाज? गाणं लावलंय चिनी. जेवायला बसलोय आमी… न्हाय रे, ढाबा न्हाय. मोठं हाटेल हाय, वरच्या मजल्यावरचं. कँटोनीज म्हणत्यात… कँ-टो-नीज. चीनमधलंच. आपल्या गाडीवरचं मंचुरियन न्हाय, हे सगळं वाफवलेलं, जरा अळणीच… मी कशाला आणीन? अप्पांनी आणलं… व्हय, अप्पांनीच. टेबल आधीच सांगून ठेवलं होतं.

दादा, ऐक ना. तू बसलायस का उभा हायस?… मग बस जरा… न्हाय, तब्येतीचं काय न्हाय. अप्पांनी मला सांगितलंय, भूषणला तूच सांग. मी संध्याकाळी इंदापूरला येऊन सांगणार होते, तर तुझाच फोन आला.

आमी दोघंच न्हाय हितं. तुळसाबाई हायत… अरे, बारामतीच्या दवाखान्यातल्या सिस्टर. आईच्या वॉर्डात होत्या बघ… व्हय, सुप्याच्या, त्याच. आता रिटायर झाल्यात… त्या का आल्यात म्हणजे…

अप्पांना त्यांच्याशी लग्न करायचंय.

हॅलो?… दादा? हायस ना?…

ओरडू नकोस, पोरं असतील घरात… मला काय म्हाईत? मी डोळं दाखवायचेत म्हणून सुट्टी काढून आले. डॉक्टरांकडनं निघालो तर अप्पा म्हणाले, जेवून जाऊ. हितं आलो तर त्या दारात उभ्या. कडक इस्त्रीची साडी, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. मला बघून त्यांनाच घाम फुटला… जयभीम म्हणाल्या. मी बी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हितंच का? विचारलं मी. म्हणाले, बारामतीत चहाला बसलं तरी ओळखीचं कोण ना कोण भेटतं. हितं आपलं कोण येत न्हाय…

उठून कशी येऊ मी? दोघांच्या मधी बसवलंय मला. गोल टेबल हाय, वर फिरती काच. मी काय घेईना म्हणून एकदा अप्पा काच फिरवत्यात, एकदा त्या फिरवत्यात, सगळ्या वाट्या माझ्याच पुढं येऊन थांबत्यात. आत्ता तुझा फोन आला म्हणून तरी उठता आलं…

तसलं बोलू नकोस… न्हाय. आई असताना तसलं काय नव्हतं… मला कसं म्हाईत? मी होते ना तितं रोज. शेवटी शेवटी आई त्यांच्याच हातनं पाणी प्यायची, माझ्या हातनं नको म्हणायची… खोटं कशाला बोलू, माझ्या बी मनात तेच आलं. त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी आपणहून सांगितलं. आई गेल्यावर अप्पा त्यांना दिसले ते बुद्धपौर्णिमेला, विहारात. सगळ्यांचं खाऊन झालं तरी अप्पा मागं भिंतीला टेकून बसलेले, खीर तशीच हातात. त्या शेजारी जाऊन बसल्या. तितनं सुरू झालं बोलणं…

मला काय वाटतं?… कोणी विचारलंच न्हाय मला ते. तूच पहिला.

वाईट वाटलं, दादा. लग्नाचं ऐकून न्हाय, त्याच्या बी आधी. मासा आला तेव्हा. अख्खा मासा, आलं न् कांद्याची पात घालून वाफवलेला. अप्पांनी त्या जेवायच्या चिनी काड्या बाजूला ठेवल्या, हातानं एकेक काटा काढला आणि तुळसाबाईंच्या ताटात वाढलं. आपल्या घरी उजनीचा मासा किती वेळा आला असंल. आईला कधी वाढलेलं बघितलंस तू?… मी बी न्हाय. ती आपली सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं डोकं घेऊन बसायची. मी चमचा खाली ठेवला. अप्पांनी बघितलं माझ्याकडं. म्हणाले, "तुझ्या आईला मी एकदा बी वाढलं न्हाय, साक्षी. मला ते ती गेल्यावर कळलं."

…हां.

…व्हय, असंच म्हणाले. तुळसाबाई खाली बघून रुमालच शोधायला लागल्या…

आईचा फोटो कोण हलवतंय? त्याच म्हणाल्या, फोटो हाय तितंच राहील, न्हायतर मी यायची न्हाय…

लोक बोलतील, बोलू देत… मी? मी जाऊन न्हाय म्हणू त्यांना? दादा, अप्पा म्हणत्यात भूषणला तू सांग, तू म्हणतोस अप्पांना तू सांग. तू तितं खुर्चीत बसून न्हाय म्हणतोयस. मला हितं त्यांच्या तोंडाकडं बघायचंय. आणि संध्याकाळी तुझ्याकडं बी…

थांब. थांब जरा, अप्पा आलेत बाहेर.

…काय न्हाय अप्पा, दादाच हाय… सांगितलं… न्हाय, तुमी नका घेऊ फोन, तो जरा तापलाय…

दादा, ऐकतोयस? अप्पा म्हणत्यात, भूषणला नको असंल तर राहू दे. तुळसाबाईंना सुप्याच्या गाडीत बसवून देतो, आपण घरी जाऊ… तेच म्हणाले, आवाज बी चढवला न्हाय. हितं भिंतीला हात लावून उभे हायत, मी बघतेय त्यांना…

'बरं झालं' म्हणतोस? बरं झालं?

मग माझं ऐक. कुणाला गाडीत बसवून द्यायचं न्हाय. आमी पोटभर जेवणार आणि संध्याकाळी इंदापूरला येणार. तिघं… व्हय, तिघं. तुला जे बोलायचंय ते त्यांच्या समोर बोल. मी मधी बसणार न्हाय आता… दार न्हाय उघडलंस तर ओट्यावर बसू. वहिनीला सांग, चहा टाक म्हणावं…

हॅलो?… दादा?

…ठेवला त्यानं, अप्पा… रागात हाय… न्हाय, जायचंच. चला आत, त्या एकट्याच बसल्यात.