डोक्याकडची बाजू

टेलरबाई : अहो, तो पेपर ठेवा आणि इकडे या जरा. गोधडीच्या वरच्या कडेची कॉर्डरॉय खाली कशी गेली?

पेंटर : गेली असेल.

टेलरबाई : कापडाला पाय फुटले?

पेंटर : सकाळी तू भाजी आणायला गेलीस ना, तेव्हा कडेचे चार तुकडे हलवले मी. हिरव्याशेजारी नारिंगी लावून ठेवलं होतंस. अशी पाटी रंगवली असती तर दुकानदाराने मला शिडीसकट हाकललं असतं.

टेलरबाई : आणि हे टाचलं कुणी?

पेंटर : मीच. कच्चा टाका घातला.

टेलरबाई : याला टाका म्हणतात? दोन टाक्यांमधून मांजर जाईल.

पेंटर : टाक्यांचं सोड. आता दिसायला कशी झालीये ते बघ.

टेलरबाई : दिसायला! जिच्यासाठी शिवतेय तिचे डोळे गेलेत. हे काय तुम्हाला नव्याने सांगू?

पेंटर : अगं, माहीत आहे मला.

टेलरबाई : माहीत असतं तर हात लावला नसता. एकेक तुकडा डोळे मिटून, चाचपून निवडलाय मी. वर डोक्याकडे कॉर्डरॉय, त्या धारा बोटाला लागल्या की कळावं, हे डोकं. पायाकडे जीनचं जाड कापड. उजव्या कडेला मखमल, डावीकडे खरखरीत, मधे सगळं मऊ सुती. रोज सुनेला हाक मारून विचारायला नको, बाई गं, गोधडी सरळ घेतलीये की उलटी.

पेंटर : हे तू बोलली नाहीस मला.

टेलरबाई : तुम्ही विचारलंत कुठे? परवा ती मला म्हणाली, मी आता नुसती विचारत बसणारी बाई झालेय. हे काय, ते कुठे, आत्ता कोण आलं. तीस वर्षं माझ्या शेजारी बसून काज-बटणं केली तिने, कधी कुणाला काही विचारलं नाही. घरात एक वस्तू तरी असू दे तिची, जिच्याबद्दल कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. तेवढंच करत होते मी, आणि तुम्ही तेच उलटंपालटं करून ठेवलंत.

पेंटर : चुकलं माझं. करायला गेलो एक. पण आता माझंही ऐक. गोधडी हातात आली की ती पहिलं काय विचारील?

टेलरबाई : काय?

पेंटर : कशी दिसते गं? कापडात जन्म गेलाय तिचा, विचारल्याशिवाय राहील? मग तू काय सांगशील?

टेलरबाई : छान दिसते म्हणेन.

पेंटर : तू खोटं बोललीस की आवाज चिरकतो तुझा. आणि तिला आता सगळं आवाजावरूनच कळतं. शिवाय तिच्याकडे येणारे-जाणारे काय म्हणतील? आंधळीला काय, कसलंही चालतं. तेही ऐकू येईलच की तिला.

टेलरबाई : हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पेंटर : बघ.

टेलरबाई : लगेच चढू नका. कॉर्डरॉय वरच लागणार.

पेंटर : लाव ना. फक्त ती नारिंगी नको. तपकिरी असती तर हिरव्याशेजारी काय खुलली असती.

टेलरबाई : आहे की तपकिरी.

पेंटर : कुठे?

टेलरबाई : तुम्ही घालून बसलाय.

पेंटर : ही? माझी एकच धड पँट आहे ही. ती येणार म्हणून मुद्दाम घातलीये.

टेलरबाई : मग जाऊ दे तिच्याकडेच.

पेंटर : गुडघ्याखालचं काप हं. अर्धी तरी राहू दे मला.

टेलरबाई : काढा आधी. आणि तुमचे ते टाके उसवा. सगळे. एक जरी ढिला राहिला तरी तिच्या बोटाला लागेल. तिचा मुलगा दुपारनंतर इथे सोडतोय तिला. मधलं सगळं पक्कं झालंय, कडा काय, बसल्या बैठकीला शिवते मी.

(संध्याकाळ. मैत्रीण पलंगावर बसली आहे. तिच्या मांडीवर गोधडी.)

मैत्रीण : चांगली वजनदार आहे गं. आणि भावजी कुठायत? आवाज नाही त्यांचा.

पेंटर : इथेच आहे ताई. अर्ध्या पँटीत आहे, म्हणून गप्प बसलोय.

मैत्रीण : मग सांगितलंत कशाला? मला कुठे दिसणार होतं?

पेंटर : रंग सांगू का गोधडीचे? इकडे हिरवा, त्याला लागून...

मैत्रीण : थांबा हो भावजी. रंग नंतर. आधी मला हिंडू दे जरा. ही मखमल. हे सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. धावदोरा तुझा, इतका सारखा दुसऱ्या कुणाचा पडत नाही. हे जीनचं. जड कापड तू पायाकडेच लावणार, म्हणजे पांघरूण सरकत नाही. आणि या धारा...

टेलरबाई : ती ना...

मैत्रीण : गप्प बस. ही डोक्याकडची बाजू.

टेलरबाई : बरो...

मैत्रीण : सांगू नकोस गं. बरोबरच आहे.