बारवेतला देव आणि काकडीची चकती

मंडळी, एक सांगा. दुर्मीळ कशाला म्हणायचं? घाई नको. आधी एका माशाची गोष्ट ऐका.

सोनदरीत मोरेश्वरतात्या म्हणून एक गृहस्थ. त्यांची बायको सुमती. तिनं घरी काचेच्या टाकीत एक मासा पाळला होता. काळा, खरबरीत, दिवसभर काचेला तोंड चिकटवून बसणारा. रोज त्याला काकडीची चकती द्यायची. मग सुमती वारली. तात्यांना टाकी बघवेना. त्यांनी मासा देवळाच्या बारवेत सोडला. तिथले मासे देवाचे, कोणी धरत नाही. तिथं तरी सुखात राहील, म्हणाले.

पण तो गावानं पाहिला! अंगावर चिलखत, पाठीवर ठिपके. कुणाला त्यात शंख दिसला, कुणाला चक्र. देवस्थानाचे अध्यक्ष भानुदासशेठ म्हणाले, असा मासा पृथ्वीवर दुसरा नाही. झालं! बारवेला जाळी, पायऱ्या बंद, सकाळ-संध्याकाळ आरती, वरून पेढे. मासा पेढे खाईना. गुरव म्हणाला, देवाचा उपास असेल. पेढे कुजले, पाणी नासलं. मासा सारखा वर येऊन तोंड उघडायला लागला – लोक म्हणाले, आशीर्वाद देतोय.

तात्या काकडी घेऊन गेले. "शेठ, हा माझ्या सुमतीचा मासा आहे. मरेल हो तो."

शेठनी खांद्यावर हात ठेवला. "तात्या, वहिनी गेल्यापासून तुमचं मन थाऱ्यावर नाही. घरी जा."

मग शेठनाच वाटलं, देवाला शिक्कामोर्तब हवं. शहरातून माशांच्या जाणकार बाई बोलावल्या. बाईंनी वाकून पाहिलं, हसू दाबलं. म्हणाल्या, हा सकर मासा. काच साफ राहावी म्हणून घरोघरी पाळतात. बारवेत ठेवू नका, बाकीच्या माशांना त्रास होईल.

आरती थांबली. शेठ हातात घंटा घेऊन तसेच उभे. मग हळूच म्हणाले, "तात्या, तुमचा मासा तेवढा घेऊन जा."

सकाळी देव होता – दुपारी तात्यांचा झाला!

तात्यांनी बादलीतून घरी नेऊन टाकीत सोडला. टाकीची काच शेवाळानं हिरवी झाली होती. मासा तिला चिकटला, चाटू लागला. तळहाताएवढी जागा स्वच्छ झाली. तिच्यातून पलीकडची सुमतीची खुर्ची दिसली. तात्यांनी काकडी चिरायला घेतली.

मंडळी, असे मासे बाजारात ढिगानं मिळतात. जाळी लावून आरती करण्यासारखं त्यात काही नाही. पण तुमच्या घरात जे माणूस आहे, त्याला खायला काय आवडतं, ठाऊक आहे? नक्की?

आज घरी गेल्यावर विचारा. ज्यांना विचारता येतं, त्यांनी.