काढीव मुहूर्ताचं लग्न

माझं गाव कडेगावकडचं, बाप आचारी, सातवीत शाळा सुटली ती बापाच्या कढईपाशीच येऊन थांबलो, पुढं पुण्यात हॉटेलात, आणि आता हे लंडनमधलं वेम्बली, ईलिंग रोडच्या मागं खोली, वर्क व्हिसावर एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये. किती लोकांच्या लग्नाच्या पंगती माझ्या हातानं उठल्या, काय सांगू तुम्हाला, आणि स्वतःच्या लेकीच्या लग्नाला मीच न्हाई, अशी वेळ आलेली बघा ताई.

झालं असं, पाच वर्षं भरली आणि पीआरचा, म्हणजे इथं कायम राहायचा, अर्ज टाकायची वेळ आली. त्याआधी इथल्या इतिहासाची परीक्षा. कुठल्या राजाला किती बायका, सगळं कांदा चिरता चिरता पाठ केलं. आमचा थापा, नेपाळचा, माझ्याबरोबर तंदूरवर असतो, तो प्रश्न विचारायचा, मी अडलो की म्हणायचा, दादा, राजाला बायका सांभाळता आल्या नाहीत, तुम्ही निदान लक्षात तरी ठेवा. पास झालो, मालकांनी पेढे वाटले, देव त्यांचं भलं करो.

अर्ज गेला आणि इकडं आमच्या रूपालीचं जमलं. मुलगा विट्याचा, माणसं चांगली. व्याही म्हणाले तारीख धरू, मी छाती फुगवून म्हणलं धरा वैशाखातली, तोवर माझं काम झालेलं असतंय. ऐकीव गोष्टीवर बोललो हो. मग वकीलबाई, गुजराती, जीव लावून बोलतात, त्या म्हणाल्या, भाऊ, निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. हातातला चहा तसाच गार झाला माझा.

मग नुसतं थांबणं. थापानं माझ्यामागून अर्ज टाकला आणि त्याचं आधी आलं. मी वकीलबाईंना म्हणलं, बाई, पंगतीत आधी बसला त्याला आधी वाढतात की. त्या म्हणाल्या, भाऊ, इथला वाढपी कुठल्या टोकाकडून सुरुवात करील ते आपल्याला कळत नाही. थापा बिचारा माझ्याकडं बघेना, जसं माझ्याच ताटातलं उचललंय त्यानं. मीच शिरा करून घातला त्याला, म्हणलं खा रे, तुझं आलं म्हणजे त्यांचं काम चालू तरी हाय.

वैशाख जवळ आला. सुनंदा, माझी बायको, म्हणाली पत्रिका छापायच्यात, काय करू. मी म्हणलं, धाकट्या भावाला करू दे कन्यादान. रूपालीनं तिच्या हातातला फोनच हिसकला, अप्पा, तुम्ही न्हाई तर मी बोहल्यावर चढत न्हाई, सांगा तुमच्या त्या ऑफिसला. मी कोल्डरूममध्ये जाऊन रडलो. मग भीत भीत व्याह्यांना फोन लावला, तो उचलला विहीणबाईंनी. म्हणलं बाई, माझं चुकलं, तारीख मीच दिली. तर म्हणाल्या, मुहूर्त काय, गुरुजी काढीव काढून देतील, बाप कुठनं काढीव आणायचा? तुम्ही विमानातनं उतरा, मग अक्षता टाकू.

आषाढात वकीलबाईंचा फोन आला, भाऊ, आलं तुमचं. तंदूरमध्ये नान कोळसा झाले, मालक ओरडायला आले आणि मिठी मारून गेले, थापा तर तंदूरचा चिमटा हातात घेऊनच नाचला. मिळेल ते विमान धरून गावी उतरलो, गुरुजींनी काढीव मुहूर्त दिला, सुनंदानं आणि मी लेकीच्या हातावर पाणी सोडलं, माझं तर डोळ्याचंच जास्त पडलं. विहीणबाई मागनं म्हणाल्या, अहो लंडनवाले, एवढं थांबलो आम्ही तुमच्यासाठी, आता हसा की फोटोत.

आता सुनंदाला इकडं आणायचा अर्ज टाकलाय, ती इंग्रजी शिकतीय, सकाळी फोनवर मलाच गुड मॉर्निंग घालती. कधी येशील गं म्हणलं तर म्हणती, येईन तेव्हा येईन, तुम्ही फक्त कुणाला तारीख सांगू नका. फोन वाजला की अजून आधी निकालाचंच विचारतो, खोटं कशाला बोलू. पण लेक सुखात हाय, आणि ताई, जी जी माणसं अशी वाट बघत बसलीत ना, त्यांना देव आमच्या विहीणबाईंसारखी थांबणारी माणसं देवो.