पेशींचा अबोला

सुनेसाठी आणलेला ताईत पदराच्या गाठीत बांधून जयवंताबाई मंठ्याच्या एस्टीत बसल्या होत्या. पुढच्या सीटवर दवाखान्यातून निघालेलं जोडपं होतं.

“काय म्हणले डाक्टर?”

“म्हणले, आतल्या पेशी एकमेकींला सांगावा धाडत्यात, मंग बीज तयार होतं. माझ्या पेशींनी अबोला धरलाय.”

“म्हंजे दोष तुमच्यात?”

“हळू बोल की!”

“लग्नापासून पिंपळाला फेऱ्या मी मारून राह्यले, अन् अबोला तुमच्याकडं!”

“गोळ्या दिल्यात. बोलतील म्हणले.”

“तवर फेऱ्या तुम्ही मारा.”

“मारतो. पण घरी कोण सांगंन?”

“मी सांगते. बिलकुल भिऊ नका.”

जयवंताबाई पदराची गाठ चाचपत पुढं वाकल्या.

“पोरी, कोणता गं दवाखाना? माझ्या लेकाला न्यायचंय.”