देवाच्या कामाची गोळी

बाळाच्या ट्रिपलच्या इंजेक्शनसाठी मी दवाखान्यात तासभर ताटकळत होते. वळसंगहून आलेल्या सासू-सुना डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि माझ्याच बाकावर टेकल्या. सुनेचे डोळे पिवळेधमक झाले होते.

"आत्या, डॉक्टर काय म्हनले ऐकलं न्हवं? पाळी लांबवायची गोळी आजपासनं बंद."

"देवाच्या कामाला घेतलेली गोळी बाधत नसती, वच्छे."

"कावीळ मला झालीया, देवाला न्हाय! पंचमीला घेतली, गौरीला घेतली, भावजींच्या लग्नात तर हळदीपासनं गोंधळापत्तुर घेतली."

"मग काय करायचं हुतं? थोरली सून बाहेर बसली, तर देवाचं पुरण कुनी घालायचं?"

"गोळी लिव्हरमधी जाती, तितं ती मोडती, आनि मोडताना त्यातनंच इख तयार हुतं. माझ्या लिव्हरला आता त्ये सोसंना, असं म्हनले त्ये."

"दुकानात असती तवर चांगली, आन् तुझ्या पोटात गेली की इख? म्हंजी खोट तुझ्याच पोटात हाय की!"

"असू द्या खोट. आता एक गोळीबी गिळनार न्हाय. हे उरलेलं पाकीट हितंच कचऱ्यात टाकते बगा."

"अगं थांब, आन हिकडं! पुढच्या आठवड्यात घट बसायचेत."

"आत्या, इतकं सांगून बी?"

"तुला कोन देतंय? धाकटीचं डोळं पांढरं हायेत की अजून."